शस्त्रक्रियेच्या हत्यारांची वही : कागदाची कीं संगणकाची ?

घरांतील कोणाची शस्त्रक्रिया ठरली म्हणजे आपल्या एकत्र कुटुंबांत चौकशीला ऊत येतो. शस्त्रवैद्य कोठें शिकले, भूल देणारे कोण, खोली हवेशीर आहे कीं नाहीं, जेवणाचा डबा घरून चालतो काय, रात्रीं सोबतीला वहिनी राहणार कीं धाकट्या आत्याबाई, ह्या सर्वांचा खल दिवाणखान्यांत यथास्थित होतो. परंतु ज्या चिमट्या-कात्र्यांनीं आपल्या माणसाचें पोट उघडावयाचें, त्यांना आदल्या दिवशीं वाफ नीट लागली होती कीं नाहीं, आणि लागली असल्यास तें कोणीं कोठें लिहून ठेवलें आहे, असा प्रश्न विचारणारा गृहस्थ प्रस्तुत लेखकाच्या तरी पाहण्यांत नाहीं. कोणीं विचारलाच असता तर रुग्णालयाच्या आडबाजूच्या एका खोलींतील एका जाड वहीकडे त्याला बोट दाखविण्यांत आलें असतें. ही वही आतां बऱ्याच ठिकाणीं नाहींशी होत असून तिच्या जागीं संगणक येत आहे. हा पालट वरवर पाहणाऱ्यास निव्वळ कारकुनी वाटेल. वस्तुतः तो तसा नाहीं, म्हणूनच त्याविषयीं थोडें विस्तारानें लिहीत आहें.

हत्यारें निर्जंतुक करण्याचें जें यंत्र, ज्याला ऑटोक्लेव्ह म्हणतात, तें आपल्या स्वयंपाकघरांतील कुकरचें थोरलें भावंड होय. पाश्चर ह्यांचे सहकारी शार्ल शांबरलां ह्यांनीं १८७९ च्या सुमारास तें सिद्ध केलें. पुढें बर्लिन येथें बेर्गमान आणि त्यांचे साहाय्यक शिमेलबुश ह्यांनीं वाफेनें शुद्ध केलेलीं वस्त्रें शस्त्रक्रियेंत रूढ केलीं. बाजूला सरकतीं छिद्रें असलेला जो पत्र्याचा ड्रम आपल्याकडील लहान रुग्णालयांतून अजून दिसतो, तो ह्या शिमेलबुशांच्याच नांवानें ओळखला जातो. उघड्या भांड्यांत पाणी १०० अंशांवर उकळतें, आणि तेवढ्या उष्णतेंत कित्येक जंतूंचीं कठीण कवचाचीं बीजें जिवंत राहतात. बंद भांड्यांत चौरस इंचास १५ पौंड दाब वाढला कीं वाफ १२१ अंशांवर जाते व तीं मरतात. पण येथें एक मेख आहे, आणि ती गृहिणींना आम्हां पुरुषांपेक्षां अधिक चांगली ठाऊक आहे. कुकरमधून वाफ सणसणीत येऊं लागल्यावरच वरचें वजन ठेवावयाचें, आधीं नाहीं. कारण आंत हवा कोंडलेली राहिली तर दाबाचा कांटा १५ पौंडच दाखवितो, परंतु अर्धी हवा आंत असल्यास उष्णमान ११२ अंशांपुढें चढत नाहीं. डाळ न शिजल्यास तें ताटांत समजतें. हत्यारांची गोष्ट तशी नाहीं. निर्जंतुक झालेली कात्री आणि नुसती घासलेली कात्री दोन्ही सारख्याच चकाकतात.

सोवळ्याशीं ह्याचें साम्य पुष्कळांना सुचेल, आणि एका स्पर्शानें सारें जातें एवढ्यापुरतें तें खरेंहि आहे. पण एका बाबतींत न्याय अगदीं उलटा आहे. आजीचें ओलेतें सर्वांत सोवळें. येथें यंत्रांतून ओलें निघालेलें गांठोडें सर्वांत ओंवळें! ओल्या वेष्टनांतून जंतु आंत शिरतात, म्हणून तें सोडून, पुन्हां बांधून, पुन्हां वाफेला लावावें लागतें.

अशी ही डोळ्यांना न दिसणारी गोष्ट असल्यामुळें तिची साक्ष काढण्याच्या युक्त्या निघाल्या. यंत्रांतील हवा पंपानें काढून घेण्याची सोय असेल तर रोजचा पहिला घाणा परीक्षेचा असतो. (एका वेळीं यंत्रांत जाणाऱ्या मालाला तेथें ‘लोड’ म्हणतात; आपण चकलीचा घाणा म्हणतों त्याच अर्थानें मी हा शब्द वापरीत आहें.) एडिंबरो येथील बोवी आणि डिक ह्यांच्या नांवानें १९६३ पासून प्रसिद्ध असलेली ही परीक्षा साधी आहे : घड्यांच्या गठ्ठ्यांत मधोमध रंग पालटणारी पट्टी ठेवावयाची, पट्टी कडेपासून मध्यापर्यंत सारखी काळवंडली तर हवा गेली, मध्यें फिकट डाग राहिला तर ती तेथें दबा धरून बसली होती. गांठोड्यांवर बाहेरून जी पट्टी चिकटविलेली असते तिची साक्ष मात्र दुबळी आहे. गांठोडें यंत्रांत जाऊन आलें एवढेंच ती सांगते. खरी साक्ष जिवंत बीजांची. जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस नांवाच्या, उष्णतेला फार चिवट अशा जंतूंचीं बीजें घाण्याबरोबर यंत्रांत ठेवतात व मागाहून तीं उबेंत ठेवून रुजतात कीं काय तें पाहतात. रुजलीं तर घाणा फसला. हल्लीं ह्याचा निकाल कांहीं तासांत, क्वचित् त्याहूनहि लवकर देणारीं साधनें मिळतात. जुन्या पद्धतीस एक-दोन दिवस लागतात, आणि लहान रुग्णालयांतून जुनीच पद्धत पुष्कळ चालते.

हें सर्व वहींत लिहावयाचें असतें. तारीख, यंत्राचा क्रमांक, घाण्याचा क्रमांक, आंत काय काय होतें, वाफ केव्हां सुरू झाली, उष्णमान, दाब, किती मिनिटें, पट्टी पालटली कीं नाहीं, आणि शेवटीं सही. अशी एक वही मला एका मध्यम आकाराच्या रुग्णालयांतील प्रमुख सिस्टरबाईंनीं दाखविली. बाईंची नोकरी पंचवीस वर्षांची, आणि बोलणें आडपडदा न ठेवतां. एका पानावर ‘१२१, १५, ३०’ हे तीन आंकडे एकाखालीं एक वीस वेळां एकाच शाईनें, एकाच वळणानें लिहिलेले होते. जणूं लक्ष्मीपूजनाला मांडावी अशी नितळ वही. मी कौतुक केलें, तर बाई हंसल्या. म्हणाल्या, “अहो, इतकी नितळ वही दिसली कीं माझ्या पोटांत गोळा येतो. वीस घाणे झाले आणि एकदांहि कांटा १२२ वर गेला नाहीं ? हीं पानें पाळी संपतांना एका बैठकींत भरलेलीं आहेत.” त्यांत लबाडी असतेच असें नाहीं, हेंहि त्यांनीं सांगितलें. दिवसभर हात ओले, हातमोजे चढविलेले, बाहेरून शस्त्रक्रियागृहाच्या हांका. लेखणी धरावयाची केव्हां? काम झालेलें असतें, परंतु लिहिलें जातें तें आठवणीनें, आणि आठवण नेहमीं बरोबर तोच आंकडा सांगते जो असावयास पाहिजे होता.

कांहीं यंत्रें स्वतःच कागदाची अरुंद पट्टी छापून देतात. ती वहींत चिकटविली कीं काम भागलें असें वाटतें. पण ती पट्टी उष्णतेनें उमटणाऱ्या कागदाची असते. ऊन, उकाडा आणि पुष्कळदां तो चिकटविणारा डिंकच तीवरील अक्षरें खाऊन टाकतो. दोन वर्षांपूर्वींच्या वहींत मीं पाहिल्या त्या पट्ट्या कोऱ्या पांढऱ्या होत्या. मोडींतील दोनशें वर्षांचे रुमाल आपण वाचूं शकतों, आणि हें लेखन दोन पावसाळे टिकत नाहीं !

कागदाला सरसकट नांवें ठेवणें मात्र कृतघ्नपणाचें होईल. १८४७ सालीं व्हिएन्ना येथें सेमेलवाइस ह्यांनीं दोन प्रसूतिगृहांतील मृत्यूंची तुलना केली ती कागदी नोंदींवरूनच. वैद्यकाचे विद्यार्थी जेथें शिकत त्या पहिल्या गृहांत १८४६ सालीं शेंकडा ११·४ माता दगावल्या, सुइणींच्या दुसऱ्या गृहांत शेंकडा २·८. हातांनीं शवें चिरून तेच हात घेऊन प्रसूतीला येणारे विद्यार्थी हें ह्या अंतराचें कारण त्यांनीं ओळखलें, आणि क्लोरीनच्या पाण्यानें हात धुण्याचा नियम केल्यावर तो आंकडा झपाट्यानें उतरला. तेव्हां वही जीव वांचवूं शकते ह्यांत शंका नाहीं. प्रश्न असा आहे कीं, तिला आपण कोणता प्रश्न विचारतों.

सिस्टरबाईंच्या रुग्णालयांत वही जाऊन संगणक आला त्याला एक शनिवार कारण झाला. गुरुवारीं दुपारच्या एका घाण्याबरोबर ठेवलेलीं बीजें शनिवारीं सकाळीं रुजलेलीं आढळलीं. यंत्र तत्काळ बंद झालें, दुरुस्तीवाला आला, येथवर सर्व सुरळीत. नंतर मुख्य वैद्यांनीं विचारलें, “त्या घाण्यांतलीं हत्यारें कोणाला वापरलीं ?” वहींत त्या ओळीवर लिहिलेलें होतें : ‘जनरल सेट ६, ड्रम ४.’ सहा संच कोणते ? रुग्णालयांत तसे अठरा होते, आणि गुरुवारपासून शनिवारपर्यंत ते कितीदां तरी वापरून, धुऊन, पुन्हां वाफवून झालेले. शस्त्रक्रियागृहाच्या वहींत रोग्याचें नांव, शस्त्रवैद्यांचें नांव, भूल, वेळ, सर्व कांहीं होतें. संचाचा क्रमांक नव्हता. दोन्ही वह्या आपापल्या जागीं खऱ्या होत्या, पण त्यांची एकमेकींशीं ओळखच नव्हती. दोघी परिचारिका दुपारपर्यंत पानें उलटीत बसल्या. अखेर दोन दिवसांत शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक रोग्यावर, घरीं गेलेल्यांवरसुद्धां, लक्ष ठेवावें लागलें. सुदैवानें कोणाला कांहीं झालें नाहीं. “पण एका बाळंतिणीच्या सासूबाईंना फोन करून ताप आहे का म्हणून विचारतांना माझा आवाज कसा होता, तो माझा मलाच ठाऊक,” असें बाई म्हणाल्या.

हाच प्रसंग मोठ्या प्रमाणावर इंग्लंडांतील मिडल्सबरो येथें घडला. २००२ सालच्या जुलै महिन्यांत तेथें एका रोग्याच्या मेंदूचा सूक्ष्म तुकडा तपासणीसाठीं काढण्यांत आला. तिला क्रॉइट्सफेल्ट-याकोब नांवाचा मेंदूचा असाध्य रोग असल्याचें निदान मागाहून झालें. ह्या रोगाचें बीज जंतु नव्हे, विकृत प्रथिन आहे, आणि नेहमींच्या वाफेनें त्याचा खात्रीनें नाश होत नाहीं. निदान होईपर्यंत तीं हत्यारें धुऊन, वाफवून पुन्हां वापरांत गेलीं होतीं. अखेर २४ रोग्यांना बोलावून, आपणांस कदाचित् संसर्ग झाला असेल, असें सांगणें रुग्णालयास भाग पडलें. ज्या रोगाला औषध नाहीं आणि ज्याची चाहूल वर्षानुवर्षें लागत नाहीं, त्याची अशी वार्ता घेऊन माणसानें घरीं कसें जावें ! हत्यार कोणत्या देहाला लागलें हें निश्चित सांगतां आल्यास दोषी हत्यारें बाजूला काढतां येतात, आणि भीतीचें हें ओझें नेमकें ज्यांच्या वांट्याचें आहे त्यांच्यावरच पडतें, इतरांवर नाहीं.

संगणकाची थोरवी ती हीच. जलद लिहिणें किंवा सुवाच्य लिहिणें हे त्याचे गौण गुण. प्रत्येक संचाला एक बारकोड असतो, आणि हत्यारें धुतांना, संच बांधतांना, यंत्रांत घालतांना, बाहेर काढतांना, शस्त्रक्रियागृहांत देतांना, दर वेळीं तो यंत्राच्या डोळ्यापुढून नेतात. शेवटीं रोग्याच्या क्रमांकाशीं त्याची गांठ बांधली जाते. कांहीं ठिकाणीं तर एकेका चिमट्यावर लेसरनें सूक्ष्म चौकोनी खूण कोरलेली असते. ऑटोक्लेव्हमधील उष्णमापक क्षणोक्षणींचें उष्णमान व दाब आपोआप संगणकाकडे पाठवितो. तेथें १२१ सर्वकाळ १२१ राहत नाहीं. १२१·४, १२१·९, १२२·१ अशी जिवंत माणसाच्या नाडीसारखी त्याची रेषा हलत असते. बाईंच्या रुग्णालयांत तो शनिवार आज उजाडला तर मुख्य वैद्यांच्या प्रश्नाचें उत्तर चहा निवण्यापूर्वीं मिळेल : अमुक सहा संच, त्यांपैकीं चार वापरले, हीं चार नांवें, आणि दोन अजून कपाटांत तसेच आहेत. जें कपाटांतच आहे तें तेथेंच रोखतां येतें, हा लाभ मला सर्वांत मोठा वाटतो. कागदानेंहि हें साधतें, नाहीं असें नाहीं. संचावरची चिठ्ठी सोलून रोग्याच्या केसपेपरला चिकटविण्याची पद्धत कित्येक ठिकाणीं आहे व ती उत्तम आहे. तथापि तीवरून रोग्यापासून घाण्यापर्यंत मागें जातां येतें. घाण्यापासून रोग्याकडे यावयाचें तर सगळे केसपेपर उपसावे लागतात.

एवढें वाचून जो रुग्णालयाचा चालक उद्यांच संगणक मागवील त्याला डेव्हनपोर्टची हकीकत अवश्य सांगितली पाहिजे. १९७२ च्या मार्च महिन्यांत इंग्लंडांतील प्लिमथ शहराच्या ह्या भागांतील रुग्णालयांत शिरेंतून द्यावयाच्या साखरपाण्याच्या बाटल्या दूषित निघाल्या, आणि पांच रोग्यांचे मृत्यु त्या बाटल्यांशीं जोडले गेले. क्लोदियर ह्यांच्या समितीनें चौकशी केली. बाटल्या आदल्या वर्षीं एका कारखान्यांत मोठ्या ऑटोक्लेव्हमध्यें वाफविल्या होत्या. यंत्राच्या तळाशीं हवा कोंडून राहिली आणि खालच्या बाटल्यांना पुरेसें उष्णमान मिळालेंच नाहीं. कुकरमधली तीच जुनी मेख ! दुःखाची गोष्ट ही कीं, उष्णमान नोंदविणाऱ्या उपकरणानें ही उणीव दाखविली होती. इतर कांटे ठीक आहेत, तेव्हां हें उपकरणच बिघडलें असावें, असें समजून तिकडे दुर्लक्ष झालें. नोंद होती, आपोआप झालेली होती, खरी होती. तीवर कोणाचा विश्वास बसला नाहीं, एवढेंच.

म्हणून नोंद आपोआप होते ह्या गोष्टीनें मी निश्चिंत होत नाहीं. हातानें आंकडा लिहिणाऱ्या मुलीला निदान कांट्याकडे पाहावें लागे. संगणकापुढील मुलीला हिरवी खूण दिसली कीं पुरे, आणि तीच तीच खूण दिवसांतून दहा वेळां दिसली म्हणजे अकराव्या वेळीं ती न पाहतांच बटन दाबलें जातें. मनुष्यस्वभाव कागदाबरोबर अडगळींत जात नाहीं. अमेरिकेंतील रुग्णालयांत बारकोडनें औषधें देण्याच्या पद्धतीची एक पाहणी २००८ सालीं प्रसिद्ध झाली. तींत असें आढळलें कीं, रोग्याच्या मनगटावरील पट्टीची नक्कल परिचारिका दाराच्या चौकटीला, ढकलगाडीला किंवा कमरेच्या कडीला अडकवून ठेवीत व तेथूनच टिपीत. रोगी झोंपलेला, पट्टी भिजलेली, वेळ थोडा, अशीं त्याचीं कारणेंहि तितकींच खरीं होतीं. आपल्याकडे चौघींनीं मिळून एकच परवलीचा शब्द वापरणें हा ह्याच जातीचा प्रकार. मग संगणक मोठ्या इमानानें लिहितो कीं, एका बाईंनीं सलग छत्तीस तास काम केलें ! वहींत चूक झाली तर एक आडवी रेघ मारून, खालचें अक्षर वाचतां येईल असें ठेवून, बाजूला सही करण्याचा जुना शिरस्ता होता. चांगल्या संगणकी पद्धतींतहि तोच शिरस्ता पाळलेला असतो : कोणीं, केव्हां, काय बदललें ह्याचा माग राहतो, आणि पहिला आंकडा पुसतां येत नाहीं. जेथें तो पुसतां येतो तेथें वहीच बरी. यंत्राचें घड्याळ आणि संगणकाचें घड्याळ ह्यांत दहा मिनिटांचें अंतर असलें तरीहि पुढें मोठा घोळ होतो, पण ही किरकोळ गोष्ट कोणीं पाहत नाहीं.

शिवाय संगणक बंद पडतो. २३ नोव्हेंबर २०२२ रोजीं दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या संगणकांवर बाहेरून घाला पडला आणि पुढें कित्येक दिवस तेथील कारभार कागदावर हातानें चालवावा लागला. वैद्य, परिचारिका आणि कागद तिघेंहि जागेवर होते म्हणून तो चालला. ज्या रुग्णालयांत हातानें लिहिण्याची संवयच मोडली असेल तेथें काय होईल, ह्याचा विचार संगणक विकणाऱ्या गृहस्थांच्या बोलण्यांत सहसा येत नाहीं.

कायद्याची अडचण मात्र कोणीं पुढें करूं नये. २००० सालच्या माहिती-तंत्रज्ञानाच्या कायद्यानें अशा नोंदींना मान्यता दिलेली आहे, आणि वैद्यांच्या आचारासंबंधीं २००२ सालीं झालेल्या नियमांत रोग्यांचीं कागदपत्रें तीन वर्षें जपण्याबरोबरच तीं संगणकावर आणण्याचा प्रयत्न करावा असेंहि म्हटलें आहे. खरी अडचण पैशाची व माणसांची. आपल्या तालुक्यांच्या गांवीं बाळंतपणें, अपेंडिक्स आणि मोतीबिंदु काढले जातात ते बहुधां दहा-पंधरा खाटांच्या खाजगी रुग्णालयांत. तेथें यंत्र एक, उभ्या पिंपासारखें, आणि तें लावणारी मावशी एक. तिच्यापुढें बारकोडाचा सरंजाम मांडणें म्हणजे चार माणसांच्या संसाराला लग्नघरचीं भांडीं आणणें होय. माझ्या मतें अशा ठिकाणीं आधीं उष्णमान स्वतः टिपून ठेवणारें लहानसें उपकरण यंत्रांत ठेवावें, संचांवर क्रमांक घालावेत, आणि तो क्रमांक रोग्याच्या केसपेपरवर व घाण्याच्या वहींत, दोन्हीकडे लिहावा. दोन वह्यांची ओळख झाली म्हणजे निम्मा संगणक आलाच. ह्या मताशीं सिस्टरबाई सहमत होत्या. मुख्य वैद्य नव्हते. त्यांना सर्व एकदम हवें.

त्यांच्या रुग्णालयांतून घरीं येणाऱ्या रोग्याच्या केसपेपरवर आतां एक बोटभर चिठ्ठी असते : यंत्राचा क्रमांक, घाण्याचा क्रमांक, तारीख, आणि संच बांधणारीचीं आद्याक्षरें. घरच्या मंडळींनीं ती मागून पाहावी. त्यांत वैद्यांचा अपमान होत नाहीं. यंत्राचें दार उघडण्यापूर्वीं तेथील धाकट्या परिचारिकेला पडद्यावरची रेषा पाहून तीन आंकडे मोठ्यानें वाचावे लागतात, दुसरीला ते ऐकावे लागतात, आणि मग आपापल्या परवलीच्या शब्दानें दोघींची संमति पडते. मुली प्रथम लाजत. जुन्या वह्या कपाटांत कुलुपांत आहेत, आणि संगणकाच्या शेजारीं दोरीनें लेखणी बांधलेली एक नवी वही ठेवलेली आहे. संगणकाचें जाळें बंद पडलेल्या एका दुपारचे दोन घाणे तींत मीं पाहिले. पहिल्यापुढें आंकडे होते, १२१·६ वगैरे. दुसऱ्यापुढें लिहिलें होतें : ‘एक गांठोडें ओलें. सोडून पुन्हां लावलें.’ आणि खालीं सही.